दहा ग्रॅम मोरचूद

सुरतेत कॉस्टिक सोडा टँकरने येतो, रंग पिंपाने येतो, पेरॉक्साइड कॅनने येते आणि संडास धुवायचे ॲसिड तर सायकलवर बसून दारात हाक मारत येते. येत नाही ते फक्त दहा ग्रॅम मोरचूद. इथल्या कोसाड भागात राहणाऱ्या एखाद्या पालकाला मुलाच्या हौसेपायी थोडे रसायन, दोन परीक्षानळ्या आणि एक बीकर एवढेच सामान जमवायचे असेल, तर त्याने एक अख्खा दिवस मोकळा ठेवावा आणि थोडा अपमान गिळायची तयारी ठेवावी. सुरुवात कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानापासून होते. तिथे परीक्षानळी मागितली की दुकानदार प्लास्टिकची, बुचाची, आत रंगीत बडीशेप भरलेली नळी काढतो. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून ती फार खपते म्हणे. ‘तापवली तर चालेल का?’ असे विचारले की तो नळी हळूच परत ओढून घेतो. मेडिकलवाला परीक्षानळीचे नाव काढताच ‘सकाळी उपाशीपोटी या’ म्हणतो. अमरोलीचा पूल ओलांडून शहरात गेले की शोधाशोध करून सायंटिफिक स्टोअर सापडते. पण तिथल्या नळ्या शंभराच्या खोक्याने आणि कॉलेजच्या लेटरहेडवर. मग माणूस हट्टाला पेटून केमिकलच्या घाऊक पेढीवर जातो. ‘मोरथूथू छे?’ ‘छे ने. केटला टन?’ ‘दहा ग्रॅम.’ शेठ चोपडीतून मान वर काढतो. ‘भाई, दहा ग्रॅम तर आमच्या गोणीच्या शिवणीत अडकून राहतं. गोणी झटका आणि घेऊन जा!’ आणि मग तो प्रश्न येतो, जो बडीशेपवाल्यापासून पेढीपर्यंत सगळ्यांच्या जिभेवर असतो : ‘पण करायचंय काय त्याचं?’ पिकावर फवारायचे आहे, कापड रंगवायचे आहे, तळ्यातले शेवाळ मारायचे आहे, काहीही सांगा, चालते. ‘पोराला काय होतं ते बघायचंय’ हे उत्तर मात्र दिले, की शेठ नोकराला डोळ्याने खुणावतो आणि नोकर गोणी आत सरकवतो.

आता या शेठला हसून भागायचे नाही. आपल्या घरात आपण काही वेगळे वागत नाही. घरी प्रयोग करायला सामान मिळत नाही, मराठीत पुस्तके नाहीत, हे सगळे धोक्याचे आहे, कायदा आडवा येतो, या आपल्या नेहमीच्या सबबी. एकेक करून तपासल्या तर त्यांतली एकही धड उभी राहत नाही, एवढेच इथे सांगायचे आहे. रसायनाचे आपल्याला वावडे नाही. रसायनाने पैसा मिळत असेल, डाग निघत असेल, पापड फुलत असेल, तर ते घरात गोणीने यावे. वावडे आहे ते प्रयोगाचे. म्हणजे मोजून घेणे, थांबून बघणे, दिसले ते लिहिणे आणि फसले तर पुन्हा करणे, या रिकाम्या उद्योगाचे.

कोसाडच्या चारी बाजूंना नजर टाकली तरी हे ध्यानात येईल. तापी ओलांडली की कतारगाम आणि वराछा. तिथे पैलू पाडून झालेला हिरा गंधकाच्या आणि नत्राच्या तेजाबात उकळून साफ करतात, आणि हे काम करणाऱ्याला कोणी ‘काय होतं ते बघतोयस का?’ म्हणून हटकत नाही. पांडेसऱ्याच्या आणि सचिनच्या मिलांत पॉलिस्टरचे कापड बंद जेट मशिनात १३० अंशांपर्यंत तापवून रंगवतात. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळून जाते, म्हणून दाब देऊन. त्याआधी साडी रेशमासारखी पडावी म्हणून कापड कॉस्टिकमध्ये उकळून त्याचा काही भाग चक्क विरघळवून टाकतात. या क्रियेला मिलमध्ये ‘वेट रिडक्शन’ म्हणतात आणि त्यात कापडाचे पंधरा-वीस टक्के वजन उतरते. घारी, लोचो आणि खमणाच्या या शहरात खात्रीने वजन उतरते ते पॉलिस्टरचेच. ही कामे करणाऱ्यांत मराठी माणसे कितीतरी. सुरत-भुसावळ रेल्वेने खान्देशातून उतरलेली, लिंबायत-उधन्याला स्थिरावलेली, आणि पुढे शहर पसरले तशी जागा मिळेल तिकडे पांगलेली. त्यांच्यातला एखादा डाइंग मास्टर दिवसभर मिलच्या लॅबमध्ये बीकरमागून बीकर हलवत शेड जुळवत असतो. लाल थोडा जास्त झाला, निळा थोडा वाढव, पुन्हा तुकडा बुडव, पुन्हा उजेडात धर. हाच गृहस्थ संध्याकाळी घरी येतो, मुलाने वाटीत हळद कालवून तिच्यात साबणाचे पाणी घातलेले आणि ती लालभडक झालेली बघतो, आणि काय म्हणतो? ‘वाटी कोण घासणार?’

यावर कोणी म्हणेल, की मिलमधले रसायनशास्त्र पोटासाठी असते, पोराचे खेळासाठी. दोन्हींची गाठ कशाला मारता? गाठ मी मारत नाही, ती १८५६ सालीच बसली आहे. त्या वर्षी ईस्टरच्या सुटीत लंडनच्या पूर्व भागात अठरा वर्षांचा विल्यम पर्किन नावाचा एक मुलगा घराच्या माळ्यावर थाटलेल्या प्रयोगशाळेत क्विनाइन बनवत बसला होता. क्विनाइन काही बनले नाही. ॲनिलीनमध्ये पोटॅशियम डायक्रोमेट घातल्यावर त्याला काळा, चिकट, बघूनच आईने फेकून द्यावा असा गाळ मिळाला. भांडे धुवायला त्याने अल्कोहोल घातले आणि अल्कोहोल जांभळे झाले. तो जांभळा म्हणजे ‘मॉव्ह’, बाजारात यशस्वी झालेला पहिला कृत्रिम रंग. पर्किनने त्याच वर्षी पेटंट घेतले. पुढची गोष्ट आपल्या काळजाला जास्त भिडणारी आहे : त्याच्या बांधकामाचा धंदा करणाऱ्या वडिलांनी साठवलेला पैसा काढून या गाळाच्या कारखान्यात घातला. आपल्याकडे एवढा पैसा मुलाच्या हाती दिला जातो, पण कोचिंग क्लासच्या काउंटरवर भरायला. तिथून पुढे कोळशाच्या डांबरातून रंगांची रांग लागली, आणि त्या रांगेच्या आजच्या टोकाशी आपला डाइंग मास्टर लाल थोडा कमी करत उभा आहे. ज्या धंद्यावर सुरतेतल्या इतक्या घरांच्या चुली पेटतात, तो धंदा एका मुलाने घरात केलेल्या आणि फसलेल्या प्रयोगातून निघाला. त्या दिवशी माळ्यावर कोणी ‘वाटी कोण घासणार?’ म्हणून ओरडले असते, तर वाटी बहुधा घासली गेली असती आणि गाळ मोरीत गेला असता.

‘ते लंडन होते, इथे कसले जमते?’ हा पुढचा आक्षेप. तर इथे, याच सुरतेत, १८६३ साली त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर जन्मले. या देशातल्या रसायन उद्योगाच्या आद्य पुरुषांत त्यांचे नाव घेतले जाते. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन उभे राहिले ते त्यांच्या पुढाकाराने. तिथे रंगवणे-छापणे शास्त्रोक्त शिकवले जाई, आणि पुढे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या अमीन आणि कोटिभास्कर या मंडळींनी १९०७ साली अलेंबिक ही कंपनी काढली. पण गज्जरांची खरी कीर्ती एका डागामुळे झाली. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पांढऱ्याशुभ्र संगमरवरी पुतळ्याला दामोदर चाफेकरांनी डांबर फासले. डांबर संगमरवरात मुरले, डाग निघता निघेना, सरकार हवालदिल. तो डाग अखेर काढला गज्जरांनी. राणीला काळे केले चिंचवडच्या मराठी माणसाने आणि पांढरे केले सुरतेच्या गुजराती माणसाने. दोन्ही कामे नीट पार पडली, आणि मराठी-गुजराती सहकार्याचे इतके रासायनिक उदाहरण दुसरे सापडायचे नाही.

त्याच कलाभवनात शिकलेला एक विद्यार्थी पुढे आपले घरच प्रयोगशाळा करून बसला. धुंडिराज गोविंद फाळके. वाटाण्याला कोंब फुटून त्याचा वेल होताना दाखवणारी चिमुकली फिल्म त्यांनी घरच्या कुंडीसमोर कॅमेरा लावून घेतली आणि ती दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे केले. १९१३ सालच्या त्या चित्रपटाची फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाईंनी घरी केले. रसायने कालवणे, अंधारात फिल्म बुडवणे, वर घरात जमलेल्या ताफ्याचे जेवण रांधणे. मराठी घरात रसायनशास्त्राला जागा नव्हती, असे म्हणणाऱ्याने या बाईंच्या स्वयंपाकघराकडे एकदा बघावे. अर्थात नवऱ्याने विमा गहाण टाकला, बायकोने दागिने दिले, हा भाग सांगितला की आपल्याकडचे वडीलधारे लगेच मान डोलावतात : ‘बघ, म्हणून सांगत होतो.’

आता धोक्याचे बोलू. हा आक्षेप खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. तेजाब डोळ्यात गेले तर डोळा जातो. मोरचूद विष आहे. पण या आक्षेपाला जोर येतो तो नेमका अशा घरात, जिथे दिवाळीच्या साफसफाईला संडासात आधी ब्लीचिंग पावडर टाकतात आणि तिने समाधान झाले नाही म्हणून वरून ॲसिड ओततात. या दोघांच्या भेटीतून क्लोरीन निघतो. १९१५ साली ईप्रच्या लढाईत जर्मनांनी जो वायू खंदकांवर सोडला, तोच. तिथे सैनिक पळाले. आपल्याकडे घरची बाई नाकाला पदर लावते आणि ‘वास आला म्हणजे चांगलं साफ झालं’ म्हणते. ॲसिडच्या बाटलीवर ‘दुसऱ्या कशात मिसळू नये’ अशी सूचना छापलेली असते, पण बाटलीवरचे वाचायचे असते ही कल्पना आपल्याकडे औषधाच्या बाटलीलाही लागू नाही. संक्रांतीचे तर विचारूच नका. उत्तरायणाच्या आधी सुरतेच्या रस्त्यांवर दोन खांबांमध्ये दोरा ताणतात आणि भाताची खळ, रंग आणि कुटलेली काच यांचा लगदा तळहातात घेऊन माणूस त्या दोऱ्याच्या कडेने चालत जातो. बोटांना चिंध्या बांधलेल्या. तो मांजा दहा वर्षांच्या पोराच्या हाती देऊन त्याला कठडा नसलेल्या धाब्यावर पाठवायचे, तिथे त्याने आभाळाकडे बघत मागे मागे सरकायचे, आणि खालून बापाने ओरडायचे : ‘ढील दे, ढील दे!’ याच पोराने दुसऱ्या दिवशी लिंबाच्या रसात खायचा सोडा घातला तर मात्र ‘फुटेल, फुटेल’ म्हणून घर गोळा होते. ज्याला काळजी म्हणतात ती अशी तिथी बघून येत नाही.

कायद्याचे थोडक्यात. २०१३ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीला बंधने घातली. विकणाऱ्याने नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचे ओळखपत्र बघावे, कशासाठी हवे ते लिहून घ्यावे, १८ वर्षांखालच्या कोणाला विकू नये. बायकांच्या तोंडावर ॲसिड फेकणारे नराधम ज्या देशात आहेत तिथे हे व्हायलाच हवे होते, आणि मुलाच्या प्रयोगासाठी तेजाब लागतच नाही. लिटमसच्या कागदावर, तुरटीवर, चुन्यावर, लिंबूफुलावर कुठल्याही न्यायालयाने बंदी घातलेली नाही. तरीही लिटमस मागणाऱ्याकडे दुकानदार संशयाने बघतो आणि सायकलवरचा ॲसिडवाला ‘ताई, दोन बाटल्या देऊ?’ म्हणून आपुलकीने विचारतो. नोंदवही त्याच्या सायकलला बसवायची राहिली असावी.

पुस्तकांची सबब फार जुनी आणि फार लाडकी. मराठीत विज्ञान कुठे आहे, असे एकदा म्हटले की पुढे काही वाचावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक मराठीत रसायनशास्त्राची पुस्तके लिहीत होते. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासूनचे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून व्याख्याने, पुस्तके, पत्रिका असा संसार चालवते आहे. पूर्वी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून मुलांना भूमिती नि विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी तर पुस्तकांचा ढीगच फुकट वाचायला खुला केला आहे, मराठीतलासुद्धा. सुरत महापालिकेच्या मराठी शाळेतल्या मुलाचे विज्ञानाचे पुस्तक गांधीनगरहून छापून येते. त्यातही पानापानावर चौकटीत ‘कृती’ दिलेली असते, आणि त्या चौकटीचा उपयोग ‘हे परीक्षेत येत नाही, सोडा’ असे सांगायला होतो. म्हणजे पुस्तके आहेत. ती कुठे असतात ते मात्र बघण्यासारखे आहे. विज्ञानाचे पुस्तक आपल्याकडे विकत घेतले जात नाही, ते बक्षीस मिळते. पहिल्या पानावर ‘वक्तृत्व स्पर्धा, द्वितीय क्रमांक’ असे लिहिलेले असते आणि ते शोकेसमध्ये ट्रॉफीला टेकून उभे राहते. काच सरकवून कोणी ते काढलेच तर ट्रॉफी पडते आणि मग पुस्तकाचे नाव घरात कायमचे खराब होते.

पुस्तकाने काय होऊ शकते, याचा दाखला म्हणून मायकेल फॅरडेचे उदाहरण सगळे देतात, पण त्या पुस्तकाचे नाव कोणी घेत नाही. फॅरडे लंडनमध्ये बुकबाइंडरकडे उमेदवारी करत होता आणि बांधायला आलेली पुस्तके आधी वाचत होता. (आपल्याकडच्या बाइंडरने असे केले असते तर ‘काम सोडून काय वाचत बसलास?’) त्यांतले एक होते जेन मार्सेट या बाईंचे १८०६ साली निघालेले ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’. एक बाई आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्या गप्पा, मधूनमधून प्रयोग, आणि विद्यार्थिनींपैकी एक सारखे फाटे फोडणारी. फॅरडेने त्यातले स्वतःला परवडतील ते प्रयोग करून पाहिले. परवडतील ते, हे महत्त्वाचे. पुढे १८६०-६१ च्या नाताळात हाच फॅरडे मुलांसमोर एक मेणबत्ती घेऊन उभा राहिला आणि तिच्यावर सहा व्याख्याने दिली. मेणबत्ती कोसाडमध्ये सुट्टी मिळते. लेटरहेड लागत नाही.

उलट, सामान भरपूर मिळाले म्हणजे सगळे साधते असेही नाही. अमेरिकेत गिल्बर्ट कंपनीने १९५० साली मुलांसाठी ‘ॲटॉमिक एनर्जी लॅबोरेटरी’ नावाचा खोका काढला. किंमत साडेएकोणपन्नास डॉलर आणि आत युरेनियमचे खरेखुरे खनिज. तो दुसऱ्याच वर्षी बंद पडला. १९६० साली निघालेल्या ‘गोल्डन बुक ऑफ केमिस्ट्री एक्सपेरिमेंट्स’मध्ये तर घरी क्लोरीन कसा काढावा तेही सचित्र दिले होते. आपल्या दिवाळीच्या साफसफाईला त्यात ‘पुस्तकी ज्ञान’ म्हटले असते. मग घड्याळाचा लंबक असा काही उलटा गेला, की पुढे अमेरिकेतच ‘यात केमिकल नाहीत’ असे अभिमानाने छापलेला केमिस्ट्रीचा खोकाही विक्रीला आला. पाणीसुद्धा केमिकलच असते, हे खोक्याला कोणी सांगितले नव्हते. आपल्याकडे तेच खोके आता घरपोच येतात. वाढदिवसाला उघडतात, त्याच संध्याकाळी त्यातली रंगाची पुडी सोफ्यावर सांडते, आणि दुसऱ्या दिवसापासून खोका कपाटावर. ‘मोठा झालास की खेळ.’ मोठा झाल्यावर तो खेळत नाही, कारण तोवर त्याची बारावी आलेली असते.

बारावीच्या प्रयोगशाळेत काय चालते? तिथे आपल्या प्रयोगद्वेषाला राजमान्यता मिळते. वही जर्नल नावाची. तिच्यात उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशी मांडणी, आणि भरायची ती खालून वर. आधी अनुमान, कारण ते गाइडमध्ये असते. मग त्याला शोभेल असे निरीक्षण. ब्युरेटची वाचने १०.२, १०.१, १०.१ अशीच यायची. मुंबईला, धुळ्याला, सुरतेला, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, वडिलांच्या काळी आणि मुलाच्या काळी, तीच. सगळ्या भारतवर्षाचे एकमत झालेली गोष्ट दुसरी नसेल. परीक्षेत क्षार ओळखायला देतात तेव्हा खरा रसायनशास्त्रज्ञ कोण ते कळते. तो पांढरा कोट घातलेला नसतो. तो कोपऱ्यात स्टूल टाकून बसलेला प्रयोगशाळेचा शिपाई असतो. ‘काका?’ ‘निळं आहे ना? मग कॉपर लिही, विचारतो काय.’ कॉपर लिहिले जाते, पैकीच्या पैकी मिळतात. आणि ते निळे म्हणजे मोरचूद. ज्या मोरचुदाचे दहा ग्रॅम कोसाडच्या बापाला मिळत नाहीत, ते ओळखायचेही नसते, तर विचारून लिहायचे असते, हे मुलाला अशा रीतीने शास्त्रशुद्ध कळते.

शेवटची आणि आजकालची सर्वांत लाडकी सबब : ‘यूट्यूबवर सगळं आहे की!’ आहे. पण तिथला प्रयोग फसत नाही. सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी तिथे पहिल्या फटक्यात उसळतो, संगीत वाजते, मुलगा लाइक करतो. म्हणूनच प्रत्येक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तोच ज्वालामुखी मांडलेला असतो. शेजारी थर्माकोलचे पवनचक्कीचे गाव, पलीकडे इंजेक्शनच्या नळ्यांचा जेसीबी. पाहुणे येतात, ज्वालामुखी उसळवतात, फोटो काढतात. ‘बाळ, हे कशामुळे झालं?’ असे पाहुण्यांनी विचारले, की बाळ शिक्षिकेकडे बघते, शिक्षिका आईकडे आणि आई पाठ करून घेतलेल्या कागदाकडे.

खरे सांगायचे तर या साऱ्या प्रकरणात प्रयोगाला सर्वांत जवळची व्यक्ती म्हणजे घरातली आजी. उन्हाळ्यात ती कुरडया घालते तेव्हा बघा. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचे, आंबट वास कुठवर चालेल हे नाकाने ठरवायचे, मग वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचे पाणी भांडे न हलवता ओतून द्यायचे. भिजवणे, गाळणे, निवळणे. प्रयोगशाळेतल्या निम्म्या क्रिया इथेच उरकल्या. उडदाच्या पापडात पापडखार किती, मोरावळ्याच्या आवळ्याला तुरटीचे पाणी किती वेळ, हे तिला पक्के ठाऊक. हळद, सवागी आणि लिंबाचा रस यांचे कुंकू करतात हेही तिला माहीत असते. सामानाचे म्हणाल तर तिच्या फळीवर लिंबूफूल, खायचा सोडा, तुरटी, सैंधव आणि पानाचा चुना इतके सगळे आहे, की पर्किनला हेवा वाटावा. अडचण एकच. ‘आजी, चिकाला पाणी किती?’ ‘लागी तेवढं.’ ‘किती लागेल?’ ‘चीक सांगतो ना रे भाऊ!’ चीक आजीला सांगतो, नातवाला सांगत नाही, आणि आजीने ते कुठे लिहून ठेवलेले नसते. ती गेली की कुरडई बाजारातून येते. इथे नुसती एक दोनशे पानी वही आणि एक मापाचा पेला एवढेच कमी पडते. दोन्ही वस्तू कोसाडमध्ये त्याच स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. बडीशेपेच्या नळीच्या शेजारी.

तेव्हा वाचकहो, मोरचूद शेठच्या गोणीतच राहू द्या. घरच्या डब्यातली हळद चमचाभर पाण्यात कालवा, कोऱ्या कागदाची पट्टी तिच्यात बुडवून सावलीत वाळवा. पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी अलगद ओतून घ्या. ओतताना मोठ्याने हजर राहावे, निवळी डोळ्यात जाऊ देऊ नये आणि चाखू तर नयेच. पट्टीवर निवळीचा एक थेंब टाका, मग लिंबाचा एक थेंब. किती वाजता काय केले आणि काय दिसले ते मुलाला त्याच्या शब्दांत वहीत लिहू द्या. शुद्धलेखन तपासू नका. निवळीने पट्टी लाल होते, लिंबाने पुन्हा पिवळी. मुळीच लाल झाली नाही, तर प्रयोग फसला असे समजून वही मिटू नका. तेही तसेच लिहा, चुना बदलून पुन्हा करून बघा, आणि तरीही पट्टी पिवळीच राहिली तर पुढच्या महिन्यापासून हळद दुसऱ्या दुकानातून आणा.